बिल्स २९, चीफ्स ३२ : पुन्हा तेच. आता मार्चपर्यंत काय करायचं ते बोला

चौथा_डाऊन | २७ जानेवारी २०२५

एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल) प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, पाच मोसमांत चौथ्यांदा चीफ्सनी आपल्या बफेलो बिल्सना घरी पाठवलं. आधी ३८-२४, मग ते कुप्रसिद्ध तेरा सेकंदांचं ४२-३६, मग २७-२४ आणि काल ३२-२९. "पंचांनी मारलं" यासाठी वेगळा धागा आहे, छाती तिथे बडवा. इथे फक्त संघाचं बोलू. कोण ठेवायचा, कोण सोडायचा, पैसे कुठून आणायचे.

माझ्यापुरतं सांगतो. आक्रमणाला हात लावू नका. मोसमात ५२५ गुण, चेंडू गमावला फक्त ८ वेळा (लीगच्या विक्रमाची बरोबरी), सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाणं) दिले १४. डॉकिन्स, एडवर्ड्स, मॅकगव्हर्न, टॉरेन्स, ब्राऊन ही आक्रमणाच्या लाइनची पाचही मंडळी पुढच्या वर्षी करारात आहेत. अशी लाइन मिळाल्यावर तिला चिमटे काढायचे नसतात.

राहिला बचाव. मी म्हणतो भोक तिथेच आहे.

पुणेरी_पंटर | २७ जानेवारी

बचावावर जाण्याआधी कालच्या दोन-दोन गुणांचा हिशेब करा (टचडाऊनचे सहा, मग किकने एक किंवा आणखी एक खेळी करून दोन). १६-२१ वर दोन गुणांसाठी गेलो, फसलो. २२-२१ वर पुन्हा गेलो, पुन्हा फसलो. दोन्ही वेळा आपला किकर बासने साधी किक मारली असती तर २४-२१. चीफ्सचा टचडाऊन, २४-२८. सॅम्युएलचा टचडाऊन, ३१-२८. त्यांच्या बटकरचा तीन गुणांचा फील्ड गोल, ३१-३१. म्हणजे सामना बरोबरीत.

नायगराकाठी | २७ जानेवारी

@पुणेरी_पंटर, असा हिशेब मांडता येत नाही राव. पाटीवरचा आकडा बदलला की समोरचाही डाव बदलतो. चीफ्स तरी २९-२२ साठी दोन गुणांना का गेले? २७-२२ वर पाचची आघाडी होती म्हणून. २७-२४ असती तर मुकाट किक मारली असती, हे तुम्हीच वर धरलंय.

माझ्या मते २२-२१ वरचा निर्णय बरोबर होता. एकाची आघाडी तीनची झाली तर फील्ड गोलने हार होत नाही, फार तर बरोबरी. पहिला मात्र घाईचा. पूर्वार्ध संपत आलेला, अजून निदान चार-पाच वेळा चेंडू इकडून तिकडे जाणार, तेव्हा १७-२१ पुरेसं होतं.

चौथा_डाऊन | २७ जानेवारी

दोन गुण सोडा, तो स्नीक (क्वार्टरबॅकने स्वतःच चेंडू घेऊन ढिगात घुसणं) बघा. चौथ्या क्वार्टरची सुरुवात, २२-२१ पुढे, चीफ्सच्या ४१ यार्डांवर चौथा डाऊन (दहा यार्ड पुरे करायची शेवटची संधी), हवं होतं यार्डभरही नाही. आपला क्वार्टरबॅक ॲलन सेंटरच्या मागे वाकला आणि डावीकडे घुसला. दोन बाजूंनी पळत आलेल्या दोन पंचांनी दोन वेगळ्या जागी पाय ठेवले आणि चेंडू मागच्या पायाशी लागला. रिप्लेतही ठोस काही दिसलं नाही, म्हणून निर्णय कायम.

पण मुळात चेंडू पंचाच्या पायाच्या भरवशावर का सोडायचा? स्नीक कसा मोडतात ते बघा: डी-टॅकल (बचावाच्या लाइनचा मधला माणूस) खाली गुडघ्यात झोपतो आणि गार्डचे पाय अडवतो, वरून लाइनबॅकर उडी टाकतो. ज्या बाजूला तुम्ही नेहमी जाता तिथे एक माणूस जास्त आणून ठेवतात. आपण सारखे एकाच बाजूला गेलो की त्यांचं काम निम्मं होतं. तीच मांडणी ठेवून एकदा रनिंग बॅक कुकला बाहेरून चेंडू दिला असता तर कडेला माणूसच नव्हता. कुकचे कालचे आकडे: १३ वेळा चेंडू, ८५ यार्ड, दोन टचडाऊन. दर खेपेला साडेसहा यार्ड काढणारा माणूस बाजूला उभा आणि आपण ढिगात डोकं घालतोय!

टेबलफोड्या | २८ जानेवारी

शेवटच्या ड्राइव्हचं कुणीच काढलं नाही. चौथा डाऊन, पाच यार्ड, चीफ्सचा मॅकडफी कोपऱ्यातून ब्लिट्झला (क्वार्टरबॅकवर जादा माणूस सोडणं) सुटला, ॲलनने मागच्या मागे पडत चेंडू उंच फेकला, आपल्या किंकेडच्या हाताला लागला आणि पडला. कठीण झेल होता, कबूल. पण चीफ्सनी त्या एका खेळीसाठी ब्लिट्झ राखून ठेवला होता. आपण त्यांच्या क्वार्टरबॅकवर, माहोम्सवर, ब्लिट्झ दिवसभर उधळला आणि माहोम्स दर वेळी रिकाम्या जागी चेंडू टाकत गेला.

नायगराकाठी | २८ जानेवारी

हेच मूळ दुखणं. माहोम्सवर पाच-सहा माणसं सोडली की मागे जागा मोकळी होते आणि त्याला तेच हवं असतं. चार माणसांनी दबाव आला तरच मागे सात उरतात. आपल्या चौघांकडून तो येत नाही. त्यात आपला कॉर्नर (कडेचा मागचा बचावपटू) बेनफर्ड पहिल्याच क्वार्टरमध्ये डोक्याला मार लागून बाहेर, मागच्याच फळीतला रॅप आधीच नाही. बेनफर्डच्या जागी ईलम आला आणि चीफ्सनी त्याच बाजूने दुकान मांडलं. २०२२ च्या ड्राफ्टचा (नव्या खेळाडूंची निवड) २३ वा पिक आहे तो. पुढे झेपावून माणूस धरणारा कॉर्नर आपल्या झोनमध्ये (माणूस नव्हे, जागा राखायची पद्धत) आणून बसवला, हे निवडणाऱ्यांचं चुकलं. पोराला किती बोलायचं?

कॅपचा_कारकून | ४ फेब्रुवारी

काल बचावपटू मायल्स गॅरेटने त्याच्या संघाकडे, ब्राऊन्सकडे, ट्रेड (दुसऱ्या संघात पाठवणी) मागितला, म्हणून इथे उड्या पडणारच. पडण्याआधी पैशांचं एकदा नीट मांडतो, म्हणजे पुढे वाद घालायला सोपं जाईल.

२०२४ ची कॅप (संघाच्या पगारखर्चाची मर्यादा) २५.५४ कोटी डॉलर होती. २०२५ ची फेब्रुवारीअखेर जाहीर होईल, चांगली वाढेल. १२ मार्चला दुपारी ४ वाजता (भारतात १३ तारखेची रात्र, दीड वाजता) नवं वर्ष सुरू होतं. त्या क्षणी प्रत्येक संघ कॅपच्या खाली हवा. मोजताना सगळी यादी धरत नाहीत, सर्वांत महाग ५१ करारच धरतात. म्हणून किमान पगाराचा खेळाडू घेतला की तो तळाच्या एकाला यादीबाहेर ढकलतो आणि खर्च जवळजवळ शून्य दिसतो.

जागा करायचे तीन मार्ग.

पहिला, रीस्ट्रक्चर. समजा एकाचा यंदाचा मूळ पगार १.५ कोटी आहे. सात किंवा जास्त वर्षं खेळलेल्या खेळाडूचा किमान पगार १२.५५ लाख, तेवढा ठेवायचा. उरलेले १ कोटी ३७ लाख ४५ हजार बोनस म्हणून आजच त्याच्या हातात द्यायचे. कॅपवर हा बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत समान वाटता येतो, म्हणजे वर्षाला २७.४९ लाख. यंदाची बचत जवळपास १ कोटी १० लाख. खेळाडूला एक पैसा कमी नाही, उलट आधी मिळतो, म्हणून कुणी नाही म्हणत नाही.

गोची पुढे आहे. करार यंदा धरून तीनच वर्षांचा असेल तर पाच करायला दोन खोटी वर्षं जोडावी लागतात, त्यांना व्हॉइड इयर म्हणतात. खेळाडू तिसऱ्या वर्षानंतर गेला की त्या दोन वर्षांचे ५४.९८ लाख एकदम चौथ्या वर्षाच्या कॅपवर येऊन आदळतात. माणूस दुसऱ्या संघात, बिल आपल्याकडे. हाच डेड कॅप. डिग्जला गेल्या एप्रिलमध्ये ह्यूस्टनला दिला तेव्हा २०२४ च्या कॅपवर ३.१ कोटी असेच जळाले.

दुसरा, करार वाढवणं. आपला एज (बचावाच्या लाइनच्या कडेचा माणूस) रूसो, त्याचं पाचवं वर्ष १.३४ कोटीचं आहे आणि ते पूर्ण यंदाच्या कॅपवर बसतं. त्याला चार वर्षं वाढवून दिली की यंदाचा आकडा उतरतो आणि माणूसही राहतो. हे सगळ्यांत आधी करायला हवं.

तिसरा, कात्री. व्हॉन मिलरचा २०२५ चा आकडा २.३८ कोटी. सोडला तर १.५४ कोटी डेड, ८४ लाख मोकळे. "जून १ ची चिठ्ठी लावून सोडा, जास्त वाचतील" असं कुणी म्हणेल. खरंय, पण ती जागा जूनमध्ये मिळते. तोवर तो पूर्ण आकड्याने आपल्या पाटीवर बसून राहतो. मार्चमध्ये बाजार असताना जूनची जागा काय लोणच्याला घालायची?

टेबलफोड्या | ४ फेब्रुवारी

दंडवत. पण गॅरेट! १४ सॅक, २९ वय, २०२३ चा सर्वोत्तम बचावपटू. ड्राफ्टचे दोन फर्स्ट राउंड पिक द्या आणि उचला. आपला पिक ३० वा, पुढच्या वर्षीही तिशीतच असणार. तिशीतले पिक म्हणजे सेकंड राउंडच की.

आणि बोनस तर ब्राऊन्सनी भरलाय. ट्रेड झाला की जुन्या बोनसचे तुकडे जुन्या संघाकडे राहतात, नव्या संघाला फक्त पगार.

कॅपचा_कारकून | ५ फेब्रुवारी

बरोबर, म्हणूनच ब्राऊन्स देणार नाहीत. ट्रेड केला तर त्यांच्या कॅपवर ३.६२ कोटी डेड. आणि तो जुन्या पगारावर आपल्याकडे येईल असं समजू नका. आल्या दिवशी नवा करार मागेल, वर्षाला ४ कोटीच्या आसपास. ॲलनचाही वाढवायचाय. दोघांत मिळून कॅपचा तिसरा हिस्सा गेला.

नायगराकाठी | ५ फेब्रुवारी

बेअर्सनी २०१८ मध्ये खलील मॅकसाठी दोन फर्स्ट राउंड मोजले. मॅक शिकागोत उत्तम खेळला. प्लेऑफचा सामना मात्र त्याच्या चार वर्षांत एकही जिंकता आला नाही. एका माणसावर डबल टीम (दोघांनी अडवणं) टाकता येते. चौघांवर नाही.

टेबलफोड्या | ५ फेब्रुवारी

बेअर्सकडे क्वार्टरबॅक ट्रुबिस्की होता हो. आपल्याकडे ॲलन आहे. उपमा तरी बरी द्या.

चौथा_डाऊन | ७ फेब्रुवारी

ॲलन एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू)! बाकी वाद उद्या.

नायगराकाठी | १० फेब्रुवारी

सुपर बोल बघितलात ना? ईगल्स ४०, चीफ्स २२. माहोम्सवर सहा सॅक आणि ब्लिट्झ किती? एकही नाही. अख्ख्या सामन्यात चारच माणसं पुढे, सात मागे. आपल्याला चार वेळा जे जमलं नाही ते हे.

आता ती लाइन आली कुठून ते बघा. कार्टर, २०२३ चा ९ वा पिक. डेव्हिस, २०२२ चा १३ वा. नोलन स्मिथ, २०२३ चा ३० वा (हाच आपला आकडा यंदा). मिल्टन विल्यम्स २०२१ च्या तिसऱ्या राउंडचा, स्वेट २०१८ च्या चौथ्या राउंडचा, हंट गेल्या वर्षीच्या तिसऱ्याचा. बाजारातून आणलेलं एकही मोठं नाव नाही. दरवर्षी एक-दोन पेरत गेले, उगवले ते ठेवले.

पुणेरी_पंटर | १० फेब्रुवारी

पेरलं आपणही. ऑलिव्हर ९ वा (२०१९), एपेनेसा ५४ वा (२०२०), रूसो ३० वा आणि बॅशम ६१ वा (२०२१), आपला कार्टर ९५ वा (२०२४). पिकांची संख्या कमी नाही, पीक कमी आलंय. बॅशम दोन वर्षांत जायंट्सकडे. एपेनेसा भरवशाचा, पण टॅकलला पाठीवर पाडणारा नाही. आणि २०२१ ते २०२४ मधल्या काळात आपण मिलरला १२ कोटींचा करार देऊन "झालं, एज सुटला" म्हणून हात झटकले. त्याचा गुडघा त्याच वर्षी गेला.

आतल्या बाजूची गोष्ट वेगळीच. डाक्वान जोन्स तिशी ओलांडलेला. ऑलिव्हर चपळ, पण डबल टीमवर तो मागे सरकतो आणि ते त्याचं कामही नाही. मध्ये कुणी खिळून उभा राहिला नाही की तिसरा डाऊन नेहमी दोन-तीन यार्डांचा येतो आणि दोन-तीन यार्डांवर कसला पास रश? म्हणून एकवेळ एज नको, पण साडेतीनशे पौंडांचा एक मधला हवा.

चौथा_डाऊन | ११ फेब्रुवारी

+१. सेकंड राउंडचे दोन पिक आहेत, ५६ (डिग्जच्या बदल्यात आलेला, मूळ व्हायकिंग्जचा) आणि आपला ६२. तिसऱ्या राउंडचा अमारी कूपरपायी गेला. दोन्ही मिळून वर सरका आणि चाळिशीत एक जाडजूड टॅकल घ्या.

बर्फातला_बाल्या | २० फेब्रुवारी

कुकने वर्षाला दीड कोटी मागितलेत, त्यावर कुणीच नाही? माझं स्पष्ट मत, देऊ नका. तो जेमतेम निम्म्या स्नॅपना (खेळ्यांना) मैदानात असतो. तिसऱ्या डाऊनला ब्लिट्झ अडवायला टाय जॉन्सन येतो, एका यार्डाला स्वतः ॲलन. अजून एक वर्ष करार आहे, शिवाय २०२६ ला टॅग (ठरावीक रकमेवर एक वर्ष राखून ठेवणं) लावता येतो. यंदा रनिंग बॅकचा टॅग १.३६ कोटीच्या आसपास आहे. म्हणजे टॅगही त्याच्या मागणीहून स्वस्त.

टेबलफोड्या | २० फेब्रुवारी

१६ टचडाऊन धावून काढले, लीगमध्ये सर्वांत जास्तींच्या बरोबरीने. निम्म्या स्नॅपमध्ये काढले हे त्याच्या बाजूने बोलतं की विरोधात? स्नॅप कोच ठरवतो.

कॅपचा_कारकून | २१ फेब्रुवारी

दोघांनाही अर्धे गुण. टॅग स्वस्त दिसतो, पण तो पूर्ण रक्कम एकाच वर्षाच्या कॅपवर टाकतो, वाटता येत नाही. चार वर्षांच्या करारात पहिल्या वर्षाचा आकडा त्याच्या निम्म्याहून खाली आणता येतो. १.२ कोटीपर्यंत आला तर सही करा. दीडला थांबा, ऑगस्टपर्यंत थांबा. कॅम्पचा उन्हाळा आला की दोन्ही बाजू नरमतात.

बर्फातला_बाल्या | ५ मार्च

घ्या. ईगल्सनी त्यांच्या रनिंग बॅकला, बार्कलीला, वर्षाला २.०६ कोटी दिले. आता कुकचा एजंट १.२ कोटीला भीक घालतोय होय!

कॅपचा_कारकून | १० मार्च

दोन दिवसांत बरंच झालं. कॅप २७.९२ कोटीवर ठरली आहे, त्यात बसवून बघा.

ॲलन सहा वर्षं ३३ कोटी, २५ कोटी हमी. त्याने बाजारातला सगळ्यांत मोठा आकडा मागितला नाही, वर्षाला ५.५ कोटी. डॅलसचा क्वार्टरबॅक प्रेस्कॉट सहा घेतोय. हा फरक म्हणजे दरवर्षी एक चांगला डी-टॅकल. रूसो चार वर्षं ८ कोटी. बर्नार्ड चार वर्षं ५ कोटी. शकिरचं फेब्रुवारीतच उरकलं. मिलर सुटला, ठरल्याप्रमाणे ८४ लाख मोकळे. आणि गॅरेट ब्राऊन्सकडेच राहिला, वर्षाला ४ कोटी. @टेबलफोड्या, आकडा लक्षात आहे ना?

बाजार आज रात्री साडेनऊला उघडतोय (भारतीय वेळ).

टेबलफोड्या | १० मार्च

बिल्सच्या चाहत्यांच्या रिवाजाप्रमाणे अंगाखाली फोडायला टेबल आणलंय. कोणत्या कुशीवर पडू ते सांगा.

पुणेरी_पंटर | १२ मार्च

एज जोई बोसा आपल्याकडे, एक वर्ष, १.२६ कोटी. नाव मोठं, पण २०२२ आणि २०२३ मिळून १४ सामने खेळलाय. गेल्या वर्षी ५ सॅक. मिलरला दार दाखवून त्याच जातीचा जुगार?

कॅपचा_कारकून | १२ मार्च

एक फरक, आणि तो मोठा आहे. बोसाला चार्जर्सनी सोडला होता. करार संपून बाजारात आलेला तो नव्हे. म्हणून कॉम्पेन्सेटरी पिकच्या (गेलेल्या खेळाडूंबद्दल भरपाई म्हणून मिळणारा) हिशेबात तो धरत नाहीत. करार संपलेला माणूस बाहेरून घेतला की आपल्या गेलेल्यांपैकी एक खोडला जातो. रिसीव्हर पामर (तीन वर्षं, ३.६ कोटीपर्यंत) असा खोडणारा आहे, म्हणून मला तो महाग वाटतो. बोसा फुकट आहे या अर्थाने. वर एकच वर्ष.

ईलमही गेला, डॅलसला. त्याच्यासोबत सहाव्या राउंडचा पिक दिला, पाचव्या राउंडचा एक आणि २०२६ चा सातव्याचा एक घेतला. फर्स्ट राउंडरची तीन वर्षांतली ही किंमत. म्हणजे दुसरा कॉर्नर आता नाहीच, ३० वर तोच घ्यावा लागणार.

नायगराकाठी | १४ मार्च

आणि ही आजची गंमत. लाइनसाठी आणलेले दोघे, ओगुंजोबी आणि हेक्ट, दोघांनाही बंदी असलेल्या द्रव्याबद्दल सहा-सहा सामन्यांची बंदी. चौघांचा दबाव हवा म्हणून दोन महिने घसा कोरडा केला, तर चारातले दोन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घरी.

चौथा_डाऊन | १४ मार्च

यात एक बरं शोधतो. बंदीतला खेळाडू ५३ च्या यादीत धरत नाहीत आणि त्या आठवड्यांचा पगारही बुडतो. कॅम्पमध्ये आणि सरावसामन्यांत खेळता येतं. म्हणजे पहिले सहा आठवडे दोन जागा मोकळ्या, तिथे दोन पोरं तपासता येतील. खरी भीती उलटी आहे. सहा सामने माणसं कमी म्हणून बोसाला दर सामन्यात ५०-५५ स्नॅप खेळवतील आणि डिसेंबरला तो पुन्हा आइस बाथमध्ये.

पुणेरी_पंटर | १४ मार्च

त्याला तिशीच्या वर स्नॅप द्यायचेच नाहीत. पहिल्या दोन डाऊनना रूसो आणि एपेनेसा, तिसऱ्याला रूसो आत सरकवा, बोसा कडेला. रूसो साडेसहा फुटांचा, गार्डवर त्याचे हात आधी पोचतात. ऑलिव्हर शेजारी, म्हणजे डबल टीम कुणाला द्यायची हा त्यांचा प्रश्न. सलग दुसऱ्या ड्राइव्हला बोसा पहिल्या डाऊनला दिसला की समजा नियोजन कोलमडलंय.

टेबलफोड्या | १५ मार्च

आणि त्या साडेतीनशे पौंडवाल्याचं काय झालं? ५६ आणि ६२ देऊन वर जायचं होतं ना? की ३० वर कॉर्नर, म्हणून आता ५६ वर जे उरेल ते?

चौथा_डाऊन | १५ मार्च

५६ वर थांबले तर मी तुझं टेबल उसनं मागेन.